एक जूनची माणसं

पंचाचा निकाल मंगळवारी सकाळी आला. गुरुवारी माझं पोट उघडायचं, प्लीहा काढून तपासायची, तिच्यात कॅन्सर सापडला की लगोलग केमोथेरपी सुरू करायची. सापडला नाही तर काय, असं मी विचारलं.

"सापडण्याची शक्यता त्र्याहत्तर टक्के आहे," डॉ. मृण्मयी टिपणीस म्हणाली.

"आणि उरलेले सत्तावीस?"

ती गप्प झाली. ठाण्याची मुलगी, जेमतेम एकतीस वर्षांची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चाळीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा मुख्याध्यापिका म्हणून. समोरचं पोर उत्तर येत नाही म्हणून गप्प आहे की येतं म्हणून, हे मला अजूनही तोंड बघून कळतं. हिला येत होतं.

"तुमचं रक्त नीट गोठत नाहीये," ती शेवटी म्हणाली. "ऑपरेशन करताना रक्तस्राव आवरला नाही तर आमच्या हातात फारसं काही राहणार नाही."

पंच म्हणजे माणूस नव्हे, रोगनिदान करणारं संगणकयंत्र. त्याचं सरकारी नाव लांबलचक आहे. पण २०३० साली तो जिल्ह्यातल्या रुग्णालयांत आला आणि त्याचा शब्द फिरवायचा तर तीन डॉक्टरांच्या समितीपुढे जावं लागेल असा नियम झाला, तेव्हापासून सगळे त्याला पंच म्हणू लागले. रक्ताचे अहवाल, छातीचे फोटो, तापाचा तक्ता आणि लाखो जुन्या रुग्णांच्या नोंदी तो मिनिटभरात पडताळून बघतो. गेल्या चार वर्षांत त्यानं आमच्या पाटण तालुक्यातली कितीतरी माणसं वाचवली, हे मी आधीच सांगून टाकते. मला यंत्राचा राग नाही. मला अर्धवट अभ्यासाचा राग आहे, मग तो कुणीही केलेला असो.

माझं दुखणं जानेवारीत सुरू झालं. रोज दुपारी चारच्या सुमाराला ताप एकशे तीनवर जायचा आणि दिवेलागणीपर्यंत घाम येऊन उतरायचा. मनगटं सुजली, मग दम लागायला लागला. फुफ्फुसाभोवती पाणी झालं होतं. गावच्या डॉक्टरनं न्यूमोनिया म्हणून दोन आठवडे औषधं दिली, ती वाया गेली, आणि सहाव्या आठवड्यात मी कराडच्या या रुग्णालयात येऊन पडले.

उशाशी स्टुलावर आमचे हे, दिनकर शेडगे, संत्रं सोलत बसले होते. एसटीच्या कराड डेपोत जन्मभर मेकॅनिक होते. माणूस मायाळू, पण एकच विनोद बेचाळीस वर्षं पुरवून वापरणारा.

"तू कशाला भितीस?" ते म्हणाले. "माझ्यापरास अडीच वर्सांनी ल्हान हाईस. आधी माझा नंबर लागतोय."

नेहमीप्रमाणे मी दुसरीकडे बघितलं. मग डॉक्टरला म्हटलं, "मला निकालपत्र वाचायला द्या. पूर्ण."

तिनं टॅबलेटची पाटी माझ्या हातात दिली. पहिल्या ओळीवर प्लीहेचा लिम्फोमा, म्हणजे तो कॅन्सर, त्र्याहत्तर टक्के. खाली तिसऱ्या ओळीवर एक अनोळखी नाव होतं : प्रौढांमधला स्टिल आजार, नऊ टक्के.

"हा कोण?"

"दाहाचा आजार आहे, दुर्मीळ," ती म्हणाली. "बाहेरून कुठलाही जंतू आलेला नसतो, तरी शरीराची संरक्षणव्यवस्था धोक्याचा इशारा देत सुटते. त्या दाहानंच मग माणूस पोळतो."

"म्हणजे आग लागलेली नसताना शाळेची घंटा बडवत राहायची आणि चेंगराचेंगरीत पोरं जखमी करायची."

"तसंच," ती पहिल्यांदा हसली. "ठरावीक वेळी चढणारा ताप, सांध्यांची सूज, हे तुमचं जुळतं. दाहात वाढणारं एक प्रथिन, फेरिटिन, तेही रक्तात प्रचंड वाढलंय. पण या आजारात घसा आधी दुखतो. अंगावर गुलाबी पुरळ उठतं, तापाबरोबर येतं आणि तापाबरोबर जातं. तुम्हाला यातलं काहीच नाही."

"सगळ्यांना येतं पुरळ?"

"तरुणांना बहुतेकदा येतं. म्हातारपणी हाच आजार वेगळा दिसतो. पुरळ बऱ्याचदा येत नाही, घसा दुखत नाही. त्याऐवजी फुफ्फुसाभोवती पाणी होतं, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, आणि माणूस फार झपाट्यानं खालावतो. म्हणून म्हाताऱ्या माणसांत तो ओळखायला उशीर होतो. पंचाकडे त्यासाठी दोन तक्ते आहेत, पासष्टच्या आतल्यांचा एक आणि पुढच्यांचा एक."

"मला कुठला लावला?"

"आतला. तुमची जन्मतारीख एक जून एकोणीसशे बहात्तर. एकसष्ट पूर्ण." तिनं पाटीवर बोट सरकवलं. "आणि खरी काळजीची गोष्ट तुमचं रक्तघड्याळ आहे."

रक्तघड्याळाबद्दल मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. पेशींतल्या डीएनएवर बारीक रासायनिक खुणा असतात आणि वय वाढेल तशा त्या ठरावीक पद्धतीनं बदलतात. त्या वाचल्या की रक्ताच्या थेंबावरून माणसाचं वय सांगता येतं. माझं रक्त सदुसष्ट सांगत होतं. एकसष्ट वर्षांच्या बाईत सदुसष्टचं रक्त, म्हणजे पेशी काहीतरी भलतं करत आहेत, असा पंचानं निष्कर्ष काढला होता आणि त्यावरच लिम्फोमाचा आकडा एवढा वर गेला होता.

"हे घड्याळ किती चुकतं?" मी विचारलं.

"फार तर वर्षभर."

मी दिनकररावांना म्हटलं, "अहो, जरा चहा घेऊन या. कँटीनचा नको, रस्त्यापलीकडचा."

ते गेल्यावर मी डॉक्टरला सांगितलं, "घड्याळ बरोबर आहे. कागद चूक आहे."

आमच्या गव्हाणकड्याला माझ्या लहानपणी जन्माची नोंद करायला कुणी जात नव्हतं. मी अकरा वर्षांची होईपर्यंत गुरं राखली आणि धाकटी भावंडं सांभाळली. शाळेत जायचं म्हणून हटून बसले, तेव्हा वडील मला हेडमास्तरांपुढे घेऊन गेले. पोरगी कधीची, असं गुरुजींनी विचारलं. वडील म्हणाले, कोयनेच्या भूकंपाच्या आधीच्या उन्हाळ्यातली, भूकंपात हिच्या आईनं हिला पाळण्यातनं उचलून बाहेर पळवली. भूकंप सदुसष्टच्या डिसेंबरातला. गुरुजींनी बोटं मोजली आणि म्हणाले, अकरा वर्षांची घोडी पहिलीत कशी बसवू? नोकरीलाही पुढं वर्षं कमी पडतील. सहा लिहितो. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून तारीख एक जून.

"म्हणजे तुम्ही आत्ता सहासष्ट पूर्ण," डॉक्टर म्हणाली. "सदुसष्ट लागलंय."

"तुमचं घड्याळ मला ओळखतं. तुमचा पंच ओळखत नाही."

तिच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता. "शेडगेबाई, ऑपरेशन टाळायला रुग्ण काहीही सांगतात. आणि ही तफावत एकट्या तुमच्यात नाही. मी दीड वर्ष अभ्यास केलाय. या डोंगरपट्ट्यातल्या माणसांचं रक्त कागदावरच्या वयापेक्षा सरासरी चार वर्षांनी म्हातारं आहे. पाण्यात काहीतरी आहे, किंवा खडकात. माझा निबंध पुढच्या महिन्यात छापून येतोय."

सलाइनची बाटली बदलणाऱ्या सुरेखा सिस्टरला हसू आवरलं नाही. ती माझीच विद्यार्थिनी, पहिली ते चौथी.

"मॅडम, पाण्यात काय न्हाई," ती म्हणाली. "हेडमास्तरांच्यात हाय."

"काय?"

"माजीबी एक जून हाय. बाईंनीच लिवलीया. माज्या नवऱ्याची एक जून, दोन्ही दिरांची एक जून. एक जूनला आमच्या घरात कुणी कुणाला शुभेच्छा देत न्हाई, सगळ्यास्नी ठावं हाय."

मी मान खाली घातली नाही, पण घालायला हवी होती. माझ्या हातानं मी शंभरावर पोरांचे जन्म एक जूनला लावले आहेत. आईबापांना तारीख सांगता यायची नाही, फॉर्मचा रकाना रिकामा चालायचा नाही, आणि पोराचं भलं व्हावं म्हणून वर्ष-दोन वर्षं कमी धरायची. गुरुजींनी माझ्यावर जो उपकार केला तोच मी पुढे वाटत गेले. तेव्हा त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

"तुमच्या अभ्यासातली माणसं दोन गटांत वेगळी करा," मी डॉक्टरला म्हटलं. "एक जूनची एकीकडे, बाकीच्या तारखांची दुसरीकडे. मग सांगा पाण्याचं."

तिनं तिथंच उभ्या उभ्या पाटीवर प्रश्न टाकला. उत्तर यायला चार-पाच सेकंद लागले असतील. एक जूनच्या माणसांचं रक्त सरासरी साडेचार वर्षांनी म्हातारं. त्याच गावांतल्या, तेच पाणी पिणाऱ्या बाकीच्यांची तफावत दोन महिनेसुद्धा नाही.

ती पलंगाच्या कडेला बसली. रुग्णाच्या पलंगावर डॉक्टर बसत नाहीत, ते ती विसरली होती.

"दीड वर्ष," ती म्हणाली.

मला तिची कीव आली आणि त्याच वेळी ती मला आवडली, कारण तिनं आकडे पुन्हा तपासले, पण वाद घातला नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "नुसतं औषध देऊनही बघता येत नाही. दाह शमवायला स्टिरॉइड द्यावं लागतं, आणि चुकून लिम्फोमा असला तर स्टिरॉइडमुळे तो काही काळ लपतो. आधी तुमचं वय बदलायला हवं. मी समितीपुढे हे आकडे ठेवते. पण ते सगळ्यांचे आकडे झाले. तुमच्यापुरतं प्रतिज्ञापत्र लागेल, तुमचं आणि सगळ्यात जवळच्या नातेवाइकाचं. नियम आहे. उद्या पाचच्या आत."

सगळ्यात जवळचा नातेवाईक दोन कागदी कप घेऊन दारात उभा होता.

माझ्या सासूबाईंनी थोरल्या दिरांसाठी आलेलं एक चांगलं स्थळ मोडलं होतं, मुलगी चार महिन्यांनी मोठी निघाली म्हणून. ही गोष्ट आमच्या घरात कौतुकानं सांगितली जायची. पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझं लग्न नुकतंच झालं होतं आणि मी खाली बघून भाकरी थापत होते. त्या दिवशी जे गिळलं ते बेचाळीस वर्षं गिळलेलंच राहिलं. आता एका बाजूला ते होतं आणि दुसऱ्या बाजूला गुरुवारचं ऑपरेशन. मला जगायचं होतं. त्यात लाजण्यासारखं मला काही वाटलं नाही.

"बसा," मी म्हटलं. "मी तुमच्यापेक्षा लहान नाही. अडीच वर्षांनी मोठी आहे."

सगळं सांगितलं. चहा तसाच निवला. मी प्रतिज्ञापत्राचा कागद पुढे केला तेव्हा त्यांनी तो घडी करून खिशात घातला.

"तुमाला पाणी हवंय का?" त्यांनी विचारलं.

ते मला कधी अहोजाहो करत नाहीत.

"नको."

"मग येतो." आणि ते गेले. सही न करता.

बुधवारी सकाळी ते आले नाहीत. फोन लागत नव्हता. अंगावर निळसर डाग दिसायला लागले होते, दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. सुरेखा सिस्टर दर तासाला रक्तदाब बघून जायची आणि दाराकडे बघायची. मी माझ्या नावचं प्रतिज्ञापत्र लिहून सही केली. नोकरीत पाच वर्षं जास्त राहिले हेही त्यात लिहिलं. चौकशी लागली तर लागू दे, चौकशीला तोंड द्यायला माणूस जिवंत तरी पाहिजे. मग डॉक्टरला म्हटलं, "ते आले नाहीत तर दुसरी वाट शोधा. मी उद्या टेबलावर झोपणार नाही, एवढं समितीला लिहून कळवा."

ताप चढायच्या वेळेला, चारला दहा मिनिटं असताना, दिनकरराव आले. बरोबर माझा थोरला भाऊ, तात्या. चौऱ्याहत्तर वर्षांचा, गुडघे गेलेला. त्याला ते गव्हाणकड्याहून रिक्षात घालून घेऊन आले होते.

"जोडलेला पार्ट हातानं तपासल्याबिगर मी आजवर कुठल्या कागदावर सही केली न्हाई," त्यांनी डॉक्टरला सांगितलं. "म्हणून तपासाय गेल्तो. इचारा ह्यांस्नी."

तात्यानं सांगितलं. भूकंपाच्या वेळी तो सात वर्षांचा होता. आई पोरीला घेऊन धावली आणि पाळणा मागं रिकामाच हलत राहिला, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं. डॉक्टरनं त्याचं म्हणणं लिहून घेतलं. त्यानं अंगठा उठवला आणि खाली दिनकररावांनी सही केली, सावकाश, पूर्ण नाव.

मग ते माझ्याकडे वळले. "सांगायचंस की. मी काय सोडून दिलं असतं?"

"तुम्ही नसतं. तुमच्या आईनं दिलं असतं."

त्यांनी विचार केला. ते खोटं बोलत नाहीत. "व्हय," ते म्हणाले. "तिनं दिलं असतं." आणि माझ्या पायांवर चादर ओढून घातली.

समिती पडद्यावर आली. तिघांतल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी विचारलं, सही-अंगठ्यावर जन्मसाल बदलायचं का? मृण्मयी टिपणीस म्हणाली, "सर, आपण आजवर एका हेडमास्तरांच्या अंदाजावर निदान करत होतो. मीही केलं. माझा निबंध मी आज मागे घेतलाय." समितीनं मान्यता दिली. नव्या वयानं पंचाला पुन्हा विचारलं. त्यानं पासष्टच्या पुढचा तक्ता उघडला, रक्ताचं वय आणि कागदाचं वय जुळल्याचं नोंदवलं आणि निकाल दिला : स्टिल आजार, ब्याऐंशी टक्के. लिम्फोमा चारवर उतरला होता.

त्याच संध्याकाळी स्टिरॉइड सुरू झालं आणि दाहाचा निरोप पोचवणाऱ्या एका रेणूची वाट अडवणारं इंजेक्शनही. शुक्रवारी चार वाजता मी थर्मामीटर तोंडात धरून बसले. साडेअठ्ठ्याण्णव. साडेचारला तेवढाच. पाचला दिनकरराव म्हणाले, "काढ आता ती नळी, बोलायची सोय न्हाई." मी काढली आणि मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

पंधरा दिवसांनी घरी सोडताना डॉक्टरनं मला एक यादी दाखवली. जिल्ह्यातल्या एक जूनच्या ज्या रुग्णांच्या निदानात वयाची तफावत धरली गेली होती, अशी त्रेचाळीस नावं. सात जणांच्या प्लीहा काढून झाल्या होत्या आणि सातांतल्या पाचांत कॅन्सर सापडला नव्हता. त्या पाचांतली दोन नावं माझ्या हजेरीपटावरची होती. मी लिहिलेल्या तारखांची.

"पंच आता एक जून दिसला की थांबतो आणि खरं वय विचारतो," ती म्हणाली. "पण लोक सांगत नाहीत. फोन केला की कागदावरचंच सांगतात. कुणाला नोकरीची भीती, कुणाला घरच्यांची."

"यादी द्या," मी म्हटलं.

"तुम्हाला अजून विश्रांतीची गरज आहे."

"बसूनच विचारायचं आहे ना?"

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो, मी मागे, दिनकरराव पुढे, विजेची स्कूटर. प्लीहा काढलेल्या त्या सातही जणांच्या घरी मी आधी गेले. जी दोन माझी पोरं होती त्यांची मी माफी मागितली. एकानं पाया पडून चहा पाजला, दुसऱ्यानं दार लावून घेतलं. दोन्ही मला मिळायलाच हवी होती.

आठवं घर शालन झेंडे हिचं. कागदावर साठ. सव्वा महिना ताप, छातीत पाणी, पुरळ नाही. ऑपरेशन सोमवारी. ती अंगणातल्या खाटेवर पडून होती आणि तिचा नवरा उंबऱ्यात हाताची घडी घालून उभा होता. मी सगळं समजावून सांगितलं, माझं स्वतःचं वय सांगितलं आणि मग विचारलं.

शालननं नवऱ्याकडे बघितलं. "कागदावर हाय तेवढंच."

"बाई, सोमवारी तुझं पोट उघडणार आहेत."

"तेवढंच हाय म्हटलं न्हवं."

"ती सांगतीय तर खरंच आसंल," नवरा म्हणाला. "आमच्यात खोटं न्हाई. माझ्यापरास चार वर्सांनी ल्हान हाय ती. आख्ख्या गावाला ठावं हाय."

मी त्याला काही बोलायच्या आत दिनकररावांनी स्कूटर स्टँडला लावली. चपला काढून ते अंगणात आले आणि खाटेच्या पायथ्याशी, त्या माणसाच्या बरोबर समोर, खाली बसले. शेजारच्या दारात दोन बायका उभ्या होत्या, कट्ट्यावर तीन-चार माणसं होती. दिनकररावांचा आवाज मुळात डेपोतला.

"ही माझी बायकू," ते म्हणाले. "माझ्यापरास अडीच वर्सांनी मोठी हाय. मला मागल्या म्हयन्यात कळलं. एक रात घरात एकटा बसलो, लई वाईट वाटलं. दुसऱ्या दिशी मी सही क्येली म्हणून ती आज तुमच्या म्होरं उभी हाय. न्हाईतर आज मी तिचा फोटो पुसत बसलो असतो, आन् तवा तिचं वय मी कुणाला इचारलं असतं?"

कट्ट्यावरचं कुणी हसलं नाही. शालनच्या नवऱ्यानं हाताची घडी सोडली, खाटेजवळ आला आणि तिच्या कपाळावर हात ठेवला. ताप होता.

"सांग त्यास्नी," तो म्हणाला. "मला नंतर सांग, न्हाईतर सांगूबी नगंस. पण त्यास्नी सांग."

मी वही उघडली.

"सहा वर्सं कमी लिवलीयात," शालन म्हणाली.